बत्तीस नंबरच्या खोलीतली तोटी

प्रति,
मा. निवासस्थान अधिकारी,
कर्मचारी वसाहत विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : खोली क्रमांक ३२ मधील न्हाणीघराची तोटी पूर्ववत उघडी करण्याच्या आदेशाबाबत आणि ती बंदच ठेवू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची नोटीस, दि. १४ फेब्रुवारी.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे सहा अर्ज, पहिला दि. ९ जून, शेवटचा दि. ८ जानेवारी.

महोदय,

१. अर्जदार ही प्रसूतिगृहात परिचारिका असून वसाहतीच्या चौथ्या मजल्यावर खोली क्रमांक ४२ मध्ये अकरा वर्षे राहते. मागील अर्जावर आपल्या कार्यालयाने "भाषा वैयक्तिक स्वरूपाची आहे" असा शेरा मारला होता. म्हणून या अर्जात 'मी' हा शब्द कुठेही येणार नाही याची काळजी घेतली आहे. जे घडले ते अर्जदाराला घडले, असे समजून वाचावे.

२. खोलीत अर्जदार, तिचे पती आणि सासरे असे तिघे राहतात. पती लांब पल्ल्याच्या मालट्रकवर चालक असल्यामुळे महिन्यातले वीस दिवस घराबाहेर असतात. सासऱ्यांना घरात आबा म्हणतात, म्हणून पुढे तसेच लिहिले आहे. आबांनी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षे बॉयलर सांभाळला. नळीला कान लावून आतला बिघाड सांगणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती, आणि आपल्या तळमजल्यावरील बॉयलरवाला आजही त्यांचे नाव काढले की उभा राहतो. गेल्या एप्रिलमध्ये त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ऐकलेले सगळे कळते. ओठ हलायचे, पण शब्द बाहेर पडायचा नाही.

३. मे महिन्यात आबांना घरी आणले तेव्हा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावून सांगितले की, उजवा हात आणि खांदा सकाळ-संध्याकाळ चांगल्या गरम पाण्याने शेकला पाहिजे, नाहीतर मूठ आवळत जाईल आणि मग ती कोणालाच उघडता येणार नाही. अर्जदाराने त्या दिवशी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी गार आले. पाच मिनिटांनी गार, पंधरा मिनिटांनीही गार. उन्हाळ्यात गरम पाण्याकडे कोणाचेच लक्ष नसते. नळाला नक्की कधीपासून गार पाणी येत होते, हे त्यामुळे सांगता येत नाही.

४. पहिल्या अर्जानंतर पाच आठवड्यांनी आपले तपासनीस आले. त्यांनी तळमजल्यावर बॉयलरपाशी तापमान मोजले, ते साठ अंश भरले, आणि "पाणी गरम आहे" असे लिहून ते गेले. चार जिने चढून ते वर आलेच नाहीत. दुसऱ्या अर्जानंतर प्लंबर आला. तो मात्र वर आला. बराच वेळ नळाखाली हात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, गरम असल्यासारखं वाटतंय." अर्जदाराने समाधानाच्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा त्याने तिथेच भिंतीला कागद टेकवून "रहिवासी असमाधानी स्वभावाच्या" असे लिहिले. तो कागद आपल्या फायलीत असेल.

५. तिसऱ्या अर्जात खोलीत विजेचा गीझर बसवण्याची परवानगी मागितली होती. वसाहतीत सामायिक गरम पाणीपुरवठा उपलब्ध असल्याने आणि इमारतीची वायरिंग जुनी असल्याने ती नाकारण्यात आली. चौथ्या अर्जाला उत्तर आले की, वापरण्यापूर्वी नळ काही काळ वाहू द्यावा. अर्जदाराने तो चाळीस मिनिटे वाहू दिला. पाचवा अर्ज देण्याच्या आतच पाण्याचा अपव्यय केल्याबद्दल समज देणारे पत्र आले. त्या पत्रावर आणि चौथ्या अर्जाच्या उत्तरावर एकाच अधिकाऱ्याची सही आहे, हे सहज नजरेस आले म्हणून नोंदवले.

६. तोपर्यंत घरात काय चालले होते तेही सांगणे भाग आहे. अर्जदार पहाटे उठून सर्वांत मोठ्या पातेल्यात पाणी तापवायची. शेगडीवर एका वेळी एकच पातेले मावते. ते उकळून न्हाणीघरात नेईपर्यंत आधीचे निवायचे. कामावर जायची वेळ आणि पाण्याला उकळी येण्याची वेळ यांचे कधी जुळलेच नाही. एका डोळ्याने घड्याळ, एका डोळ्याने पातेले, आणि कान आबांच्या खोलीकडे, अशी पाच महिने तिची सकाळ जात होती. ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला घाईत पातेले उचलताना फडके घसरले आणि उकळते पाणी तिच्या डाव्या मनगटावर सांडले. भाजलेल्या हाताने नवजात बाळांना हात लावता येत नाही. प्रसूतिगृहातल्या मोठ्या बाईंनी तिला सात आठवडे कपाटांच्या नोंदी करायला बसवले. सोळा वर्षांच्या नोकरीत बाळाच्या रडण्यापासून इतके दिवस लांब राहण्याची तिची ती पहिलीच वेळ. हात बरा झाला. पण त्या दिवसापासून आबा पातेल्याच्या पाण्याने शेकून घेईनात. पातेले दिसले की तोंड फिरवायचे आणि डावा हात हलवून नको म्हणायचे. मनगटाच्या पट्टीकडे बघून डोळे पुसायचे. त्यांची मूठ डिसेंबरपर्यंत इतकी आवळली की नखे तळहातात रुतून जखमा झाल्या. परिचारिकेच्या घरात ही अवस्था. लाज वाटावी अशीच गोष्ट आहे, आणि तिला ती वाटलीही.

७. डिसेंबरमध्येच आबांनी एक खूण करायला सुरुवात केली. न्हाणीघराच्या दाराशी खुर्चीवर बसून ते डाव्या हाताने हवेत चाक फिरवल्यासारखे करायचे आणि मग बोट जमिनीकडे दाखवायचे. पुन्हा चाक, पुन्हा जमीन. अर्जदाराला वाटले, त्यांना खाली जायचे आहे, म्हणून तिने त्यांना खिडकीपाशी नेले. मग वाटले, पाय दुखतो आहे, म्हणून पाय चोळला. एकदा चाकावरून मुलगा आठवला असेल असे समजून तिने पतीला फोन लावून दिला. आबांनी चष्म्याचे घर भिंतीवर फेकून मारले. उभ्या आयुष्यात त्यांनी आवाज चढवल्याचे कोणाला आठवत नाही. त्या संध्याकाळी सासरे आणि सून एकमेकांकडे न बघता जेवले.

८. उलगडा जानेवारीच्या सहा तारखेला झाला. अर्जदाराने बाळांच्या वजनाच्या जुन्या तक्त्यामागे इमारतीच्या नळ्या काढल्या. खाली बॉयलर, वर चार मजले, गच्चीवर गार पाण्याची टाकी. जमेल तसे काढले आणि पेन्सिल आबांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी क्षणाचाही विचार न करता बॉयलरशेजारी, गरम पाण्याची नळी वर जाते तिथे फुली मारली. म्हणजे तिथला व्हॉल्व्ह बंद करायचा होता. चाक ते होते. गरम पाणी मिळत नाही म्हणून गरम पाणीच बंद करा, हे सांगणे इतके उलटे होते की तोंडाने सांगितले असते तरी अर्जदाराला कळले असते की नाही, शंका आहे.

तिने तो कागद खाली नेऊन बॉयलरवाल्याला दाखवला. नियमात बसत नाही, असे तो म्हणाला. मग त्याने फुलीकडे पुन्हा पाहिले आणि विचारले, "आबांनी मारलीय?" हो म्हटल्यावर त्याने दुपारी दोन वाजता दहा मिनिटांसाठी व्हॉल्व्ह बंद केला.

चौथ्या मजल्यावर गरम पाण्याचा नळ सोडला. पाणी थांबायला हवे होते. ते थांबले नाही. गरम पाण्याची वाट खालून बंद असताना गरम पाण्याच्या नळातून धो धो पाणी येत होते, म्हणजे ते मुळात बॉयलरचे पाणीच नव्हते. गच्चीच्या टाकीतले गार पाणी मधेच कुठून तरी गरम नळीत शिरत होते. आबा अर्ध्या चेहऱ्याने हसले. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसताना दिसले.

९. ही नळी बारा, बावीस, बत्तीस आणि बेचाळीस या चारच खोल्यांतून जाते. अर्जदाराने प्रत्येक मजल्यावर थांबून जिन्यातल्या नळीवर तळहात ठेवून पाहिला. दुसऱ्या मजल्यापर्यंत हात ठेववत नाही इतकी ती तापलेली होती. तिसऱ्याच्या वर मात्र गार. बारा आणि बावीसच्या रहिवाशांनी आपापल्या तोट्या दाखवल्या, त्या ठीक होत्या. राहिली बत्तीस. ती गेल्या मार्चपासून आपल्या कार्यालयाच्या कुलपात आहे आणि पाणी बंद करण्याचे व्हॉल्व्हही तिच्या आतच आहेत. शोध तिथे येऊन थांबला.

१०. सहाव्या अर्जात अर्जदाराने एवढीच विनंती केली होती की, आपल्या माणसाने येऊन बत्तीस नंबर उघडावा, आतल्या तोट्या बंद कराव्यात आणि पुन्हा कुलूप लावावे. काम दोन मिनिटांचे. त्यासाठी ती तीनदा कार्यालयात आली. लिपिकांनी सांगितले की, आधीचे रहिवासी बदलीवर गेले तेव्हा यादीतला एक छताचा पंखा जुळला नाही, म्हणून सामानाची पडताळणी पूर्ण होईपर्यंत खोली मोहोरबंद राहील. पडताळणी कधी, असे विचारल्यावर ते म्हणाले, "पंखा सापडला की." पंखा खोलीतच असला तर? यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि खोली उघडल्याशिवाय ते कसे सांगणार, असे अर्जदारालाच विचारले. लिपिकांबद्दल तक्रार नाही. त्यांनी तिन्ही वेळा बसायला खुर्ची दिली.

११. नोटिशीत "अनधिकृत प्रवेश" असे म्हटले आहे. तो कसा झाला ते अर्जदार काहीही न लपवता लिहून देत आहे.

बुधवार, दि. २२ जानेवारी रोजी सकाळी अकरा वाजता तिने बाजारातून किल्ल्या बनवणाऱ्या कारागिराला बोलावून आणले. आबांना घरीच बसवून ती खाली जाणार होती. आबांनी दाराची चौकट धरली आणि सोडली नाही. शेवटी ते सोबत निघाले. चौथ्यावरून तिसऱ्यावर सोळा पायऱ्या आहेत. घरी आल्यापासून ते एकही पायरी उतरले नव्हते. एक पायरी, मग दम, मग दुसरी. सोळा पायऱ्यांना पस्तीस मिनिटे लागली. कारागीर खाली थांबून राहिला.

कुलूप हातात घेतल्यावर त्याने कागद मागितला. अर्जदाराने सहाव्या अर्जाची पोच दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "यात उघडा असं कुठे लिहिलंय?" अर्जदार म्हणाली, "उघडू नका असंही कुठे लिहिलेलं नाही." त्याने आबांकडे पाहिले. आबांनी आपली आवळलेली मूठ पुढे केली. कारागिराने पिशवीतून कानस काढली. कुलूप तोडलेले नाही, किल्ली बनवून उघडले आहे. लाखेची मोहोर अर्जदाराच्या हातून तुटली. कारागिराचा त्यात काही दोष नाही, आणि तो कोण हे ती सांगणार नाही.

१२. आत न्हाणीघरात हातात धरायचा फवारा भिंतीला टांगलेला होता. त्याच्या टोकाची कळ बंद होती, पण मागच्या गार आणि गरम अशा दोन्ही तोट्या पूर्ण उघड्या. बहुधा टाकीची सफाई चालू असताना नळाला पाणी नव्हते आणि रहिवासी तशाच ठेवून गेले. कळ बंद असल्याने बाहेर थेंब सांडत नव्हता आणि आतल्या आत गार पाणी जोराने गरम नळीत घुसत होते. अर्जदार तोटी बंद करायला पुढे झाली, तेव्हा आबांनी तिला कोपराने बाजूला सारले. दोन्ही तोट्या त्यांनी डाव्या हाताने स्वतः बंद केल्या. मग नळीवर तळहात ठेवून उभे राहिले. खुर्ची आणते म्हटले तरी बसेनात. सात-आठ मिनिटांनी त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि सुनेचा हात धरून त्या नळीवर टेकवला. चटका बसला.

म्हणजे तोटी बंद करणारे आबा आहेत. पण त्यांना तिथे नेणारी अर्जदार आहे, आणि खोली तिच्या नावावर आहे. जी काही कारवाई करायची ती तिच्यावरच करावी.

१३. कार्यालयाच्या नोंदीसाठी : पंखा बत्तीस नंबरच्या माळ्यावर, पुठ्ठ्याच्या खोक्यात, पात्यांसह आहे. त्याला हात लावलेला नाही.

१४. त्या दिवसापासून चौथ्या मजल्यावर गरम पाणी येत आहे. आबांचा हात रोज दोन वेळा शेकला जातो. पंधराव्या दिवशी करंगळी सुटली. विसाव्या दिवशी मूठ एवढी उघडली की अर्जदाराला त्यांची नखे कापता आली. तळहाताच्या जखमा भरत आल्या आहेत. हे औषधाने झाले नाही, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी लिहून दिले आहे. तो कागद जोडला आहे.

१५. यानंतर आपली नोटीस आली. तिच्यात लिहिल्याप्रमाणे गरम पाण्याच्या तक्रारीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आहे, समितीला दोष मूळ अवस्थेत पाहायचा आहे, आणि अर्जदाराने तो परस्पर दूर केल्यामुळे चौकशीत अडथळा आला आहे. म्हणून तिने दि. २० पर्यंत दोन्ही तोट्या पूर्ववत उघड्या करून तसे लेखी कळवावे. न केल्यास खोली क्रमांक ४२ तीस दिवसांत रिकामी करून घेतली जाईल. समितीची बैठक केव्हा, हे नोटिशीत नाही. फोन करून विचारले, तेव्हा सदस्यांची नावे अजून ठरायची आहेत असे उत्तर मिळाले.

१६. अर्जदाराचा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नाही. पतीला फोन केला, तेव्हा ते कुठल्याशा घाटात होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "केलंस ते बरोबर केलंस. पण राहायचं कुठे?" लिपिकांनी आपुलकीने सुचवले की, एक दिवस उघडा, तसे लिहून द्या आणि मग गुपचूप बंद करा, कोण बघायला येतंय. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. शनिवारी दुपारी, आबा झोपलेले असताना, अर्जदार किल्ली घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. कुलपात किल्ली घातली, काढली. पुन्हा घातली. खाली कोणाच्या तरी चपलांचा आवाज आला तशी चोरासारखी वर आली. घरात येऊन उगाच भांडी घासली, घासलेली परत घासली, खिडकीशी जाऊन उभी राहिली, बसली, उठली. सहा अर्ज करताना ती कधी घाबरली नव्हती. त्या दुपारी मात्र ती स्वतःलाच घाबरली, कारण किल्ली अर्धी फिरवून झाली होती.

१७. आबांपासून नोटीस लपवली होती. तरी त्यांना काहीतरी कळले असावे. काल रविवारी सकाळी ते आपणहून न्हाणीघराच्या दाराशी येऊन बसले. अर्जदाराचे चित्त ठिकाणावर नव्हते. तिने बादली भरली, हात घालून पाहायचे विसरली आणि तांब्याभर पाणी सरळ त्यांच्या खांद्यावर ओतले. आबा शहारले. ओठ नेहमीसारखे हलले. तिला वाटले, नेहमीसारखेच थांबतील. ते थांबले नाहीत. घशातून खरखर आली आणि मग, अडखळत पण स्पष्ट, एक शब्द आला.

"विसण."

दहा महिन्यांनंतर आबा बोलले ते हे. पाणी कढत आहे, त्यात थोडे गार घाल. अर्जदाराने ऐकले की नाही अशी शंका येऊन त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला, या वेळी जरा चिडून. ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मग गार पाण्याचा नळ सोडला आणि विसण घातले. नंतर ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतले. तिथे जे झाले ते या अर्जाच्या कक्षेत येत नाही.

१८. सबब विनंती की, तोट्या पूर्ववत उघड्या करण्याचा आदेश मागे घ्यावा. अर्जदार त्या उघडणार नाही. हे उद्धटपणाने लिहिलेले नाही. तिने प्रयत्न करून पाहिला, तो वर परिच्छेद सोळात आहे. अनधिकृत प्रवेशाबद्दल जी समज द्यायची ती तिच्या नोकरीच्या पुस्तकात लिहावी, तिची तक्रार असणार नाही. बत्तीस नंबरची किल्ली सोबत जोडली आहे. दुसरी बनवून घेतलेली नाही. बेचाळीसमधून बाहेर काढायचेच ठरले असेल, तर निदान थंडी संपेपर्यंत थांबावे.

आणि समितीला दोष मूळ अवस्थेतच पाहायचा असेल, तर आपण स्वतः किल्ली घेऊन यावे आणि आपल्या हाताने तोटी उघडावी. अर्जदार आडवी येणार नाही. फक्त हे काम सकाळी साडेसातला करावे. त्या वेळी आबा बादलीत हात बुडवून बसलेले असतात. समितीने वर येऊन त्यांच्याशेजारी उभे राहावे. पाणी नेमके केव्हा गार झाले, ते मोजायला यंत्र आणू नये. आबांना विचारावे. ते सांगतील.

आपल्या उत्तराची वाट पाहत,

(सही)
अर्जदार, परिचारिका,
खोली क्रमांक ४२, चौथा मजला.
दि. १७ फेब्रुवारी

सोबत : खोली क्रमांक ३२ ची किल्ली, एक. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचे पत्र. नळ्यांचे पेन्सिलने काढलेले चित्र, मागे बाळांची वजने आहेत, ती कृपया वाचू नयेत.